नाव, बापाचं नाव, गाव

"सकाळी सकाळीच लावून आला वाटते हा."

दुधाचं पातेलं घेऊन आलेला स्वयंपाकघरातला माणूस हे तोंडातल्या तोंडात म्हणाला, पण व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू गेलं. आम्ही सगळ्यांनीच सहा नंबरच्या खाटेकडे पाहिलं. वामनराव उठून उभे राहिले होते आणि गिलास पुढे करत होते. गिलास एकीकडे, पातेलं दुसरीकडे. दूध त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि ते त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसे बघत राहिले. मग त्यांनी भिंत धरली.

"पेला नाही गा तो," शेजारच्या खाटेवरून तुळशीराम म्हणाला. "मी तीस वर्सं पेलो. पेलेला माणूस माणसाले धरते. हा भिंत धरून राहिला."

सगळे हसले. दारूच्या बाबतीत तुळशीरामइतका जाणकार त्या व्हरांड्यात दुसरा नव्हता, पण त्याची साक्ष कोण धरणार? मी वामनरावांच्या अगदी जवळ उभी होते. फिनेलचा वास येत होता, सांडलेल्या दुधाचा येत होता. दारूचा येत नव्हता. हे कुणाला तरी सांगायला हवं, हे मला कळत होतं. वाक्यही तयार होतं, तेही इंग्रजीत. मी वही छातीशी धरली आणि गप्प राहिले.

वामनरावांच्या केसपेपरवर एक लाल शेरा आधीच होता. दुसरा पडला की नाव कमी करायचं, असा नियम होता. नाव कमी म्हणजे घरी. आणि घरी त्यांची दोन लहान मुलं होती.

हे सहा-सात वर्षांपूर्वीचं. आत्ता लिहायचं कारण, आमच्या सिस्टर मेश्राम या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, फुलं त्यांच्या हातात दिली आणि खाली बसले. त्या हसल्या. राहिलेले दोन शब्द इथे लिहिते आहे.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच काम करतात. नागपुरातला क्षयरोग्यांचा दवाखाना, एवढं पुरे. त्याच्या मागच्या बाजूला जाळी लावलेला एक लांब व्हरांडा होता. त्यात आठ खाटा. इतर वॉर्डांना जे नको असत ते इथे येत: मनोरुग्णालयातून खोकत आलेले, आणि दारू पिऊन दोनदा-तीनदा उपचार सोडलेले. दवाखान्यात आमच्या वॉर्डाला नंबर होता, पण शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे "आठ खाटा" असंच म्हणत.

मी तिथे वैद्यकीय समाजसेविका होते. म्हणजे डॉक्टर नाही, नर्सही नाही. औषध कपाटातून निघून रोग्याच्या पोटात जाईपर्यंत मध्ये जे जे आडवं येतं ते बाजूला करणं, हे माझं काम. आणि आडवं खूप काही येतं. क्षयाचा जंतू फार सावकाश मरतो. तेव्हा दोन महिने रोज सुई आणि जवळजवळ दीड वर्ष रोज गोळ्या असत. दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, अंग भरतं. माणसाला वाटतं, झालो बरा. तिथेच तो गोळी सोडतो, आणि उरलेले जंतू जास्त चिवट होऊन परत येतात. धड डोक्याच्या माणसालाही दीड वर्ष गोळी घेणं जड जातं. मग ज्याला गोळीत विष कालवलंय असं वाटतं त्यानं काय करावं? आणि जो संध्याकाळी गुत्त्यावरून घरचा रस्ता विसरतो, त्यानं?

यावर सिस्टर मेश्राम यांनी एक तोडगा काढला होता. तो कुठल्या पुस्तकात नाही. गोळ्या गालात दाबून ठेवायच्या आणि मग मोरीत थुंकायच्या, ही जुनी युक्ती. "आ कर" म्हटलं तर जिभेखाली लपवतात. म्हणून सिस्टर गोळ्या देत, पाणी देत, आणि मग रोग्यानं उभं राहून मोठ्यानं सांगायचं: नाव, बापाचं नाव, गाव. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं पाहिजे. तोंडात चार गोळ्या असताना हे नीट सांगता येत नाही, करून बघा. एखादा पुटपुटला की सिस्टर म्हणत, "मोठ्यानं गा. बापाले लाजतं का?"

पहिल्या दिवशी मला हे सैनिकी वाटलं, थोडं क्रूरही. मी तसं चाचरत बोलूनही दाखवलं. सिस्टर गोळ्यांची बाटली बंद करत होत्या.

"माहा बाप पारशिवनीकडचा," त्या म्हणाल्या. "गावात कोनी नाव विचारलं त खाली पाहून सांगे. तेही अर्धंच. सित्या म्हणे. छप्पनमध्ये इथं नागपूरले आला, दीक्षा घेतली, अन् गावी जाऊन आंगणात उभा राहून पूर्ण नाव सांगतलं. कोनी विचारलंही नव्हतं. माय म्हणे, याले काय झालं?" त्या हसल्या. "हे लोक पागल म्हणून आले, बेवडे म्हणून आले. त्याइले नाव आहे का नाही? दिवसातून एकदा तरी पूर्ण ऐकू द्या की."

मग माझ्याकडे बघून, "अन् तुमी, मॅडम, घसा घरीच ठेवून येता का?"

ते खरंच होतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी होती, पण आईवडिलांशी बोलण्यापुरती. पहिल्याच आठवड्यात मी तुळशीरामला वहीत बघून विचारलं होतं, "आपण मद्यपान करता का?" तो मौद्याकडचा, पूर्वी बैलबंडी हाकणारा. त्यानं मान हलवली. "नाही बाई. मी दारू पेतो." पुढे महिनाभर व्हरांड्यात कुणीही पाणी प्यायलं तरी दुसरा विचारायचा, "मद्यपान करून राहिला का गा?"

या तुळशीरामनं मला आणखी एक धडा दिला. त्याचा आजार आटोक्यात आला होता, बेडका तपासला की जंतू सापडत नव्हते, म्हणजे घरी जायची वेळ झाली होती. आणि अचानक एका तपासणीत पुन्हा जंतू निघाले. डॉक्टर हैराण. सिस्टरनी तपासणीच्या डबीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि थेट चार नंबरच्या खाटेवरच्या, तुळशीरामच्या शेजाऱ्याकडे गेल्या. "हा तुहा बेडका याच्या डबीत काहून गेला?" पावसाची झड लागली होती. घरी तुळशीरामचं कुणी नव्हतं. इथे दूध होतं, घोंगडी होती, हसायला माणसं होती. म्हणून त्यानं शेजाऱ्याकडून उसना बेडका घेतला होता. "तुम्हाला कसं कळलं?" मी सिस्टरना विचारलं. "तुळशीरामच्या बेडक्याले तंबाखूचा रंग राहते. याच्यात नाही न," त्या म्हणाल्या. मला हसू आलं, आणि घरी गेल्यावर रडूही आलं. आजारी राहण्यासाठी माणूस एवढी खटपट करतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सिस्टरनी त्याला आणखी दीड महिना ठेवून घेतलं. म्हणून वामनरावांच्या वेळी तो तिथे होता.

आठव्या खाटेवर मास्तर होते. मनोरुग्णालयातून आलेले, कधीकाळी शाळेत शिकवत असलेले. ते गोळी गिळत, पण नाव सांगत नसत. त्यांच्या मते ते नाव ज्याचं होतं तो माणूस मागेच निघून गेला होता. दोन आठवडे सिस्टरनी वाट पाहिली. मग एक दिवस त्यांनी मास्तरांच्या हातात आठ नावांचा कागद दिला. "गुरुजी, हजेरी घ्या." मास्तर ताठ झाले. चष्मा नव्हता, तरी नाकावर बोटानं वर सरकवला. एकेक नाव घेतलं, एकेक "हजर" आलं. आठवं नाव त्यांचं स्वतःचं होतं. ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, "गैरहजर." त्या दिवसापासून रोज सकाळी हजेरी मास्तर घेत आणि स्वतःची गैरहजेरी मांडत. तीन-साडेतीन महिन्यांनी एका सकाळी ते त्या नावाशी थबकले, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उशिरा आला. पण हजर." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टर नुसत्या म्हणाल्या, "बसा गुरुजी."

आता वामनरावांचं. इथे माझी चूक सुरू होते.

वामनराव काटोलचे. संत्र्याच्या बाजारात छाटणीचं काम करत. समोर ढीग, दोन्ही हात एकदम चालायचे, नुसत्या हातानं फळाचा आकार ओळखून लहान-मोठं वेगळं करायचे. बोटं फार सुंदर होती. पण दुपारनंतर दारू. त्यांची बायको कुसुमताई. या दोघांची ओळख मला आठ खाटांवर झाली नव्हती. त्याआधी वर्षभर मी आठवड्यातून दोन दुपारी मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जायचे, तिथे दारू सोडवण्याचं केंद्र होतं. कुसुमताई नवऱ्याला घेऊन तिथे आल्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. ही गोळी रोज घेतली की दारूचा घोट गेल्यावर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. त्या भीतीनं माणूस पीत नाही. आपल्या मनानं, कळून-सवरून घ्यायची गोळी आहे ती. वामनरावांनी ती पहिल्याच दिवशी गटारात फेकली.

कुसुमताई पुढच्या आठवड्यात एकट्याच आल्या आणि माझ्यासमोर बसून रडल्या. दुसऱ्या बायका काय करतात ते मला माहीत होतं, त्या बाकावर बसून आपसात बोलताना मी ऐकलं होतं. डॉक्टरांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे बोलायचं. मी हळूच म्हटलं, "पूड करून वरणात मिसळा." माझ्या आयुष्यात कुणीतरी माझ्या सल्ल्यानं एवढं हलकं होऊन उठून गेलं, असं पहिल्यांदाच झालं. मला बरं वाटलं. तेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

गोळीचा उपयोग झाला. दोनदा ओकाऱ्या झाल्यावर वामनरावांनी दारूच वाईट निघाली असं ठरवलं आणि सोडली. पण तोवर खोकल्यातून रक्त पडायला लागलं होतं. क्षय निघाला. मीच धडपड करून त्यांना आठ खाटांत आणलं. दाखल करताना कागद मी भरला. त्यात एक ओळ होती: इतर औषधे. समोर वामनराव उभे होते. त्यांच्या मागे कुसुमताई. त्यांनी माझ्याकडे बघून मान अगदी एवढीशी हलवली. मी लिहिलं, "काही नाही."

ते लिहिलं तेव्हा खोटंही नव्हतं. कुसुमताईंनी गोळी बंद केली होती, दवाखान्यात दारू कुठून येणार? त्या मुलांना घेऊन गिट्टीखदानला बहिणीकडे राहायला आल्या आणि रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. दीड महिना सगळं छान चाललं. वामनरावांचं वजन वाढलं. "वामन महादेव राऊत, काटोल!" अशी आरोळी द्यायचे की कबुतरं उडायची.

मग मारबत आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत नेऊन जाळतात, ते नागपूरकराला सांगायला नको. वामनराव आणि तुळशीराम मागची भिंत ओलांडून मिरवणूक बघायला गेले. पाप, रोगराई सगळं घेऊन जा गे मारबत, अशी आरोळी ठोकून दोघं दारू पिऊन परत आले. मोठे डॉक्टर, डॉक्टर सबनीस, शिस्तीचे होते. शिस्तीशिवाय असा वॉर्ड चालत नाही, हे मला आता कळतं. दोघांच्या कागदावर लाल शेरा पडला. दुसऱ्या दिवशी कुसुमताईंना हे मीच सांगितलं, आणि नियमही सांगितला: आणखी एकदा, की नाव कमी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वामनराव भिंत धरून चालायला लागले. बोलताना शब्द घसरायचे. तीच संत्री ओळखणारी बोटं शर्टाचं बटण शोधत राहायची. कधी चिडत, कधी विनाकारण रडत. क्षयाच्या सुईनं काहींना चक्कर येते, म्हणून सिस्टरनी आधी तिच्यावर संशय घेतला. "पण सुईनं माणूस बरळत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. आणि मग ती दुधाची सकाळ.

दुपारी कुसुमताई डबा घेऊन आल्या. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून कागद भरत होते, म्हणजे भरण्याचं नाटक करत होते. जे लोक बोलत नाहीत ते बघत असतात. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी, वरण. तुळशीरामनं नेहमीसारखा आपला गिलास पुढे केला.

"घ्या दादा, भाजी घ्या," कुसुमताई म्हणाल्या.

"वरण वाढ न वं. रोज काय भाजीच?"

"वरण नोको. तिखट झालं आहे."

"मी तीस वर्सं मोहाची पेलो. मले वरण तिखट लागते का?"

त्यानं हात घातला तर कुसुमताईंनी त्या हातावर चापट मारली. हलकी नाही, चांगली जोरात. तुळशीराम हसला. कुसुमताई हसल्या नाहीत. मला आठवलं, गेले दोन आठवडे त्या भाजी सगळ्यांना देत होत्या आणि वरण एकट्या नवऱ्याला.

त्या नळावर डबा घासायला गेल्या तेव्हा मी मागे गेले.

"कुसुमताई, वरणात काय आहे?"

"मीठ."

"आणि?"

त्यांनी राखेचा हात थांबवला. "तुमालेच माहीत आहे बाई. तुमीच त सांगतलं होतं."

"पण ते बंद केलं होतं ना?"

"केलं होतं. मंग ते लाल अक्षर पडलं. आणखी एक पडलं त हाकलून देतीन, हेही तुमीच सांगतलं. आमी सारे एकाच खोलीत निजतो. लेकरं त्याच्याच अंगावर झोपते. म्हणून मंग सुरू केली. रोज एक. भिंत ओलांडून गेला तरी पेऊ नाही म्हणून." मग एकदम घाबरून, "काहून? त्यानंच असं होऊन राहिलं का?"

मला माहीत नव्हतं. तसं मी म्हटलंही. पण गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, आणि वामनरावांचा तोल जायला लागूनही जवळजवळ तेवढेच. त्या दुपारी मी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि औषधांवरची जाड पुस्तकं काढली. तिसऱ्या पुस्तकात, अगदी बारीक अक्षरांत, चार ओळी सापडल्या. क्षयाची ती गोळी आणि दारू सोडवायची ही गोळी एकत्र पोटात गेल्या तर काहींचा तोल जातो, बोलणं घसरतं, डोकं भ्रमतं. दुसरी बंद केली की उतरतं. मी त्या ओळी पाच वेळा वाचल्या. माझ्या इंग्रजी शाळेचे इतके मनापासून आभार मी त्याआधी कधी मानले नव्हते. आणि वर्षभरापूर्वी हेच पुस्तक उघडायला मला कुणी अडवलं होतं, हेही त्याच खुर्चीत बसून स्वतःला विचारलं.

संध्याकाळी गिट्टीखदानला जाऊन कुसुमताईंना सांगितलं. "डॉक्टरले सांगा," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यासमोर नोको, बाई. चोरून खाऊ घातलं समजलं त माह्या हातचं जेवणार नाही तो. जन्मात नाही."

मी कबूल केलं. डॉक्टरांना त्यांच्या खोलीत, एकट्यांना गाठायचं ठरवलं. वाक्यं पाठ केली.

दुसऱ्या सकाळी काय झालं ते शेवटी लिहिते. त्याआधी पुढचं सांगून टाकते.

वरणातली गोळी बंद झाल्यावर आठ-दहा दिवसांत वामनरावांचे पाय जमिनीवर नीट पडायला लागले. शब्द परत आले. ते परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बायकोचा डबा परत पाठवला. कुसुमताई रोज येत, पायरीवर बसत, डबा तसाच घेऊन जात. वामनराव दवाखान्याचं पाणचट वरण खात आणि जाळीबाहेर बघत नसत. माझ्याशीही बोलत नसत. कितवा दिवस होता आठवत नाही, पण तुळशीराम ओरडला, "अरे, बायकोनं जहर नाही दिलं तुले, दवा देली! मले कोनी चोरून चटणीही चारली नाही आजवर!" त्यावर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी वामनराव जाळीपाशी गेले आणि म्हणाले, "उद्या वरण आन. पन पातेलं इथं आन. माह्यासमोर वाढ, अन् पयले तू खा." पुढे कितीतरी दिवस त्या व्हरांड्याच्या पायरीवर दोघं एका ताटात जेवत होते. आधी ती, मग तो.

डॉक्टर सबनीसांनी मला रागावलं नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं. त्यांनी दाखल करतानाचा तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि "इतर औषधे" ही ओळ माझ्या हातानं पुन्हा लिहायला लावली, खाली सही करून. मग म्हणाले, "पुढच्या वेळी आधी बोला." तेव्हापासून आमच्याकडे रोग्याला वेगळं आणि घरच्यांना वेगळं बसवून औषधं विचारतात. त्यानंतर मी कुणालाही कधीही चोरून गोळी द्यायला सांगितलं नाही. जी बाई रडत येते तिच्या नवऱ्याला पुन्हा बोलावते, पुन्हा पुन्हा बोलावते. त्यातले पुष्कळ येत नाहीत. पण जे येतात ते स्वतःच्या हातानं गोळी घेतात.

वामनरावांनी दीड वर्ष पुरं केलं. मुलांना काही झालं नाही. दारू कायमची सुटली का, हे मला ठाऊक नाही. सुटली असं लिहायला आवडलं असतं. पण तपासणीला ते शेवटपर्यंत आले, आणि दर वेळी फाटकातूनच आवाज यायचा, "वामन महादेव राऊत, काटोल!" सिस्टर आतून म्हणायच्या, "ऐकू आलं गा, ऐकू आलं."

आता ती सकाळ.

मी आठ वाजल्यापासून डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभी होते. कुसुमताईंना मी लवकर बोलावलं होतं, त्या जाळीबाहेर डबा न घेता उभ्या होत्या. पण डॉक्टर खोलीत आलेच नाहीत. स्वयंपाकघरातून दुधाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती, ते फाटकातून सरळ वॉर्डात गेले. मी धावत मागे गेले. गोळ्या नुकत्याच देऊन झाल्या होत्या, मास्तर हजेरीचा कागद घेऊन उभे होते.

डॉक्टर सहा नंबरपाशी थांबले. "उभे राहा."

वामनराव उभे राहिले. दोन्ही हात जोडायला गेले, पण तळवे एकमेकांना सापडेनात.

"मी पेलो नाही साहेब," ते म्हणाले. ते वाक्यही घसरलं.

"दुसरी वेळ आहे ही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "या खाटेसाठी बाहेर माणसं थांबली आहेत. सिस्टर, नाव कमी करा."

सिस्टरनी केसपेपर पुढे केला नाही. तो छातीशी धरूनच म्हणाल्या, "सर, मले वास नाही आला."

"मग हे काय आहे? सांगा तुम्ही."

सिस्टरना ते माहीत नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना खाली बघताना मी तेवढं एकदाच पाहिलं. डॉक्टरांनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि लाल पेनचं टोपण काढलं. जाळीबाहेर कुसुमताईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या मान हलवून नाही म्हणतील. त्यांनी तसं काही केलं नाही. नुसतं पाहत राहिल्या.

"सर," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मलाही नीट ऐकू आलं नाही.

"बाई काही म्हणून राहिल्या," तुळशीराम म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. सगळा व्हरांडा माझ्याकडे वळला. मी वही छातीशी धरली. सिस्टर मेश्राम माझ्याजवळ आल्या नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही. होत्या तिथूनच, रोज सकाळी सगळ्यांना म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "मोठ्यानं, मॅडम. त्या टोकाले गुरुजींपर्यंत गेलं पाह्यजे."

मी वही खाटेवर ठेवली आणि ताठ उभी राहिले.

"वामन महादेव राऊत, काटोल. हे प्यायलेले नाहीत, सर. यांच्या वरणात दारू सोडवायची गोळी आहे, ती क्षयाच्या गोळीबरोबर चालत नाही. आणि ती वरणात घालायला यांच्या बायकोला मी सांगितलं होतं."